सातवीतील मुलीसाठी घराजवळचा क्लास कसा निवडावा?

आपण नुकतेच इंदिरानगरला राहायला आला आहात, मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत सेमी इंग्रजी माध्यमातून सातवीत शिकते, पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात फार कमी गुण मिळाले, आणि आता आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावरचा, मोठा फलक लावलेला क्लास, आपल्याच सोसायटीत एक बाई घरी घेतात ती शिकवणी, आणि गोविंदनगरच्या बाजूचा एक नावाजलेला क्लास. यांतून निवड कशी करावी, असा आपला प्रश्न आहे. मी नाशिकमध्येच माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले असून आता निवृत्त आहे. मी स्वतः शिकवणी घेत नाही. शाळेत असताना निरनिराळ्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या वह्या मात्र सतत हाताखालून जात असत, आणि त्यांवरून माझे जे मत बनले ते ठाम आहे: जिथे शिकवणारी व्यक्ती आपल्या मुलीची वही स्वतः वाचते, तो क्लास निवडावा. बाकी सर्व गोष्टींचा विचार त्यानंतर करावा.

क्लास पाहायला निघण्यापूर्वी घटक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका मुलीसोबत शांतपणे वाचावी, अशी माझी विनंती आहे. गुण किती गेले यापेक्षा ते कशामुळे गेले हे पाहावे. सातवीत गणितात मागे पडलेल्या पुष्कळ मुलांची अडचण सातवीच्या पुस्तकात नसतेच. ती पाचवी-सहावीतील अपूर्णांक, दशांश अपूर्णांक किंवा अगदी भागाकारात असते आणि तिथून ती पुढे सरकत आलेली असते. काही मुलांना रीत येते, पण वेळेत लिहून होत नाही. आणि सेमीच्या मुलांची म्हणून एक वेगळीच अडचण असते: घरात आणि वर्गात बोलणे मराठीतून, पुस्तक मात्र इंग्रजीतून. समच्छेद करायला जिला उत्तम जमते, तीच मुलगी प्रश्नात ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द दिसला की अडखळते, आणि शाब्दिक उदाहरण तर वाचण्याआधीच सोडून देते. आपल्या मुलीची अडचण यांपैकी कोणती आहे हे ठरल्याशिवाय तीन क्लासची तुलना करता येणार नाही, कारण तिला नेमके काय हवे आहे तेच आपल्याला सांगता येणार नाही. अडचण एक-दोन प्रकरणांपुरतीच असेल, तर घरातील कोणी मोठ्या माणसाने दिवाळीच्या सुटीत रोज थोडा वेळ बसून ती दूर करावी आणि क्लासचा विचारच सोडून द्यावा. बालभारतीची सहावीची आणि पाचवीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांतील सरावसंच क्रमाने सोडवायला दिले, की मूल नेमके कुठे अडते ते आपोआप समजते.

क्लास लावायचाच असे ठरले, तर तिथे गेल्यावर फी किंवा निकाल विचारण्याआधी तिथल्या सातवीच्या दोन-तीन मुलांच्या वह्या पाहायला मागाव्यात. मुलांची नावे झाकून दाखवल्या तरी चालेल. या मागणीने ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्यांच्याबद्दल आपल्याला तिथेच बरेच काही समजलेले असते.

वहीत काय पाहायचे, ते एका उदाहरणाने सांगते. ३/४ + २/५ ही बेरीज घ्या. अपूर्णांकांत कच्चे असलेले मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आणि ५/९ असे उत्तर लिहिते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की कोणत्याही बॅचमधील काही वह्यांत ती सापडलीच पाहिजे. एखाद्या वहीत आपल्याला ५/९ खोडलेले दिसेल, शेजारी फळ्यावरून उतरवलेले २३/२० हे बरोबर उत्तर दिसेल आणि पानाच्या खाली लाल शाईत सही आणि तारीख दिसेल. अशी वही नीटनेटकी असते, पालकांना ती पाहून समाधानही वाटते, परंतु त्या मुलाला आपण चुकलो कुठे हे कळलेले नसते, आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तसेच करते. दुसऱ्या एखाद्या वहीत ५/९ भोवती गोल केलेला दिसेल आणि शेजारी लिहिलेले असेल, ‘३/४ मध्ये आणखी काही मिळवले, मग उत्तर ३/४ पेक्षा लहान कसे?’ त्याखाली मुलाने एकाच लांबीच्या दोन पट्ट्या काढून एकीच्या चार भागांपैकी तीन आणि दुसरीच्या पाच भागांपैकी दोन भाग रंगवलेले असतील, मग वीस हा समच्छेद करून १५/२० + ८/२० अशी मांडणी केलेली असेल, आणि त्यानंतर त्याच प्रकारची चार-पाच उदाहरणे असतील, त्यांतील शेवटची दोन कोणाच्याही मदतीशिवाय सुटलेली. या दुसऱ्या वहीतले अक्षर कदाचित पहिलीइतके चांगले नसेल. तरीही, अशी एक जरी वही आपल्याला दिसली, तर त्या क्लासला नाव नसले, जागा लहान असली, बसायला सतरंजी असली, तरी त्याचा गांभीर्याने विचार करावा. तिथे कोणीतरी मुलाची चूक वाचली आहे, ती का झाली याचा विचार केला आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहिले आहे. शिकवणीचे काम एवढेच आहे, आणि ते शाळेतील साठ मुलांच्या वर्गात आम्हा शिक्षकांना इच्छा असूनही पुरते करता येत नाही. म्हणून तर शिकवणीची गरज पडते. क्लासमध्येही तितकीच मुले बसत असतील आणि तिथेही फळ्यावर उत्तर लिहून पुढे जात असतील, तर मुलगी एकच गोष्ट दिवसातून दोनदा न समजता ऐकते आणि तिचा खेळण्याचा वेळ मात्र जातो.

यातूनच बॅचच्या आकाराचा प्रश्न निघतो. दीड तासाच्या बॅचमध्ये एका व्यक्तीला दहा-बारा वह्या मन लावून पाहता येतात. पंधराच्या पुढे फक्त सही होते, असा माझा अनुभव आहे. मोठ्या क्लासमध्ये आणखी एक गोष्ट विचारावी लागते: ज्यांचे नाव फलकावर आहे ते सर सातवीला शिकवतात, की फक्त दहावीला? बऱ्याचदा खालच्या इयत्ता नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींकडे सोपवलेल्या असतात. त्यांच्यातही फार तळमळीने शिकवणारे असतात, हे मी आवर्जून सांगते. पण ते वर्षाच्या मधेच दुसरी नोकरी मिळाली की जातात, आणि मुलांना नव्या माणसाशी पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावे लागते. मागच्या वर्षी सातवीला गणित कोणी शिकवले आणि ती व्यक्ती आजही तिथे आहे का, हे तिथल्या मुलांनाच विचारावे. मुले खरे सांगतात.

डेमो लेक्चरवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. ते तयारी करून घेतलेले असते. त्याऐवजी एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी चालू बॅचमध्ये मुलीला बसू देण्याची परवानगी मागावी आणि घरी आल्यावर तिला ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘आज कोणी कोणती शंका विचारली आणि सरांनी काय सांगितले?’ असे विचारावे. कोणीच शंका विचारली नसेल, तर तो क्लास शांत आहे, पण चांगला आहे असे म्हणता येणार नाही. शंका विचारणाऱ्याला सर्वांसमोर ‘हे पण येत नाही?’ असे ऐकावे लागत असेल, तर तिथे पुन्हा पाठवू नये. गणितात मागे पडलेले मूल आधीच घाबरलेले असते.

सेमीच्या मुलीसाठी आणखी एक चौकशी आवश्यक आहे. राज्य मंडळ आणि सीबीएसई या दोन्हींच्या मुलांना एकाच बॅचमध्ये बसवून एकच प्रकरण शिकवणारे क्लास आहेत. पुस्तके वेगळी, प्रकरणांचा क्रम वेगळा, शाळेच्या परीक्षांचे वेळापत्रकही वेगळे. त्यामुळे शाळेत एक प्रकरण आणि क्लासमध्ये दुसरेच, असे होते आणि मुलगी दोन्हीकडे अर्धवट राहते. शिकवणाऱ्यांनी संकल्पना मराठीतून उलगडून सांगावी, तिचे इंग्रजी नाव त्याच वेळी वहीत लिहून घ्यावे आणि शाब्दिक उदाहरण मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे, एवढी अपेक्षा आपण स्पष्टपणे बोलून दाखवावी.

फलकावरील छायाचित्रांविषयी. दहावीत पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलांपैकी किती जण तिथे सातवीपासून होते आणि किती जण केवळ शेवटच्या सराव परीक्षांपुरते आले, हे फलकावर लिहिलेले नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा छायाचित्र वापरण्यासाठी निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही सांगावे लागते. आपण मात्र वेगळाच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी जे मूल गणितात जेमतेम उत्तीर्ण होत होते, ते आज कुठे आहे? ज्या शिक्षकांना अशा एखाद्या मुलाविषयी दोन मिनिटे बोलता येते, त्यांच्याकडे आपली मुलगी सुरक्षित आहे, असे मी समजते.

त्याच मोठ्या क्लासमध्ये आपल्याला सातवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ अभ्यासक्रमाचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या आतापासूनच्या तयारीचा, आग्रह होण्याची शक्यता आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंग केंद्रांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे म्हटले आहे. त्या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत आणि सोसायटीतील लहान शिकवणीला त्या लागूही होत नाहीत, तरी त्यांतील काही अटी कोणत्याही क्लाससाठी मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात: शिकवणारा किमान पदवीधर असावा, प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, शाळेच्या वेळेत वर्ग नसावा, आठवड्यातून एक दिवस सुटी असावी, फीची पावती मिळावी, आणि पूर्ण फी भरून मूल मधेच बाहेर पडले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. ज्या मुलीला ३/४ आणि २/५ मिळवताना अडचण येते, तिला अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या नावाने आणखी एक जाड पुस्तक देणे हा तिच्यावर अन्याय आहे.

जागेची पाहणी वडीलधाऱ्यांनी स्वतः करावी. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलातील क्लासला आग लागली तेव्हा मुलांना वरच्या मजल्यावरून खाली उड्या माराव्या लागल्या आणि २२ जणांचा जीव गेला. जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासला जिना किती रुंद आहे, दुसरा जिना आहे का, जिन्यात चपलांचे ढीग आणि जुने बाक ठेवलेले नाहीत ना, खिडक्यांना कायमचे गज आहेत का, आणि अग्निशामक नळकांड्यावरील तारीख उलटून गेलेली नाही ना, एवढे पाहूनच खाली उतरावे.

गोविंदनगरचा क्लास आपल्या तीन पर्यायांत सर्वांत नावाजलेला असला, तरी माझे मन त्याला अनुकूल नाही. संध्याकाळच्या वेळी इंदिरानगरच्या बोगद्यातील वाहनांची कोंडी आपण आतापर्यंत अनुभवली असेलच. सातवीच्या मुलीने सायकलवर तिथून रोज ये-जा करणे धोक्याचे आहे, आणि आपण सोडायला-आणायला जाणार असाल तर पावसाळ्यात त्याचा घरातील सर्वांना त्रास होईल. दीड तासाच्या शिकवणीसाठी तीन तास जाणार असतील, तर ती शिकवणी कितीही चांगली असली तरी मुलीला स्वतः बसून उदाहरणे सोडवायला वेळ उरत नाही. आणि गणित त्याच वेळात पक्के होते.

कदाचित आपल्याला कोणी मुलीच्या शाळेतील शिक्षकांकडेच शिकवणी लावण्याचा सल्ला देईल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेत नोकरीस असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेतील शिक्षकांना जरूर भेटावे, मुलगी कुठे अडते ते विचारावे, मधल्या सुटीत तिला शंका विचारू देण्याची विनंती करावी; तो तिचा हक्कच आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

फीबाबत मी एवढेच सुचवेन की वर्षाची फी एकरकमी भरल्यास सवलत देऊ केली, तरी निदान प्रथम सत्र परीक्षेपर्यंत दरमहा फी द्यावी आणि दर वेळी पावती घ्यावी.

आपण दिलेल्या माहितीवरून मला सोसायटीतील बाईंची शिकवणी आधी पाहावी असे वाटते: अंतर नाही, मुले कमी असणार, आणि एकच व्यक्ती वर्षभर शिकवणार. मात्र घरगुती शिकवणीत सर्व विषयांचा गृहपाठ पूर्ण करून घेण्यावरच वेळ जाण्याचा धोका असतो. म्हणून त्यांना स्पष्ट विचारावे की सहावीचे अपूर्णांक मागे जाऊन पुन्हा शिकवायला त्या पहिले काही आठवडे देतील का, आणि सेमीचे गणित त्यांना इंग्रजी पुस्तकातून शिकवता येते का. दोन्हींना होकार मिळाला आणि वह्या पाहून आपले समाधान झाले, तर मुलीला तिथे घालावे. नकार मिळाला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासची सातवीची बॅच किती मुलांची आहे आणि ती कोण घेते, ही चौकशी करून, तिथल्या वह्या पाहूनच निर्णय घ्यावा.