फ्री एजंट लाइनमन जोखताना आधी पाय बघा

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) फ्री एजंट, म्हणजे करार संपून दुसऱ्या संघात जायला मोकळा असलेला ऑफेन्सिव्ह लाइनमन (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहून त्याला वाचवणारा) अभ्यासायला घेतलात, छान! हायलाइट्सच्या क्लिप बाजूला ठेवा. तीन-चार सामने पूर्ण बघा. नजर चेंडूवर नको, त्याच्या पायांवर हवी.

- ज्या थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरी) सात यार्डांहून जास्त हवे असतात, ते डाव सगळ्यांत आधी पाहा. पास येणार हे बचावालाही ठाऊक असतं, म्हणून खरा कस तिथे लागतो. स्क्रीन (झटपट दिलेला छोटा पास) आणि प्ले-अ‍ॅक्शनवर (धावण्याचं सोंग करून दिलेला पास) बहुतेक सगळे बरे दिसतात.
- समोरचा बुल रश करतो (जोर लावून सरळ अंगावर येतो) तेव्हा याची कंबर खाली राहते का? पाय रोवले जातात, की हा मागे क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलला जातो? कमरेतून वाकून डोकं पुढे टाकणारा हमखास चकतो.
- दुखापती: गेल्या तीन मोसमांत दर मोसमी 17 पैकी किती सामने खेळला?

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे नुसत्या सॅक (क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच पाडला जाणं) मोजणं. क्वार्टरबॅकने चेंडू चार सेकंद धरून ठेवला तर दोष एकट्या टॅकलचा (रांगेच्या टोकाचा लाइनमन) नाही. उलट सॅक कमी असतील, तर शेजारचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) दर वेळी मदतीला येत होता का, तेही तपासा. आणि लेफ्ट टॅकल उजवीकडे सहज खेळेल असं गृहीत धरू नका. पायांची सगळी ठेवण उलटी होते.

करार, सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) सध्या राहू द्या.