दोर्दोन्यकाठी पळायचं तर मुक्काम एकाच गावात ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या अखेरीस तुम्ही दोघं पुण्याहून फ्रान्सला येताय, पळण्यासाठी पाच सकाळी हाताशी आहेत, तुम्ही हाफ मॅरेथॉन पळता, पत्नी पळत नाहीत, आणि लुआरचं खोरं निवडावं की दोर्दोन्यचं हे ठरत नाहीये. शिवाय अनोळखी गावाकडे पहाटे एकट्याने पळणं कितपत सुरक्षित, हेही तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं बोर्दोत राहते. दोन्ही नद्यांकाठी पळाले आहे, दोर्दोन्यकाठी तर बहुतेक दर वसंतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लुआरचं आधी सांगते, ते लवकर संपेल. पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे शेकडो वर्षांपासून काठाने बांध घातलेले आहेत. त्या बांधांवरून आणि लगतच्या लहान रस्त्यांवरून नव्हेरपासून समुद्रापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. सपाट आहे, खुणा चोख आहेत, मधूनमधून राजवाडे आहेत. मॅरेथॉनच्या तयारीत एका लयीत पंचवीस किलोमीटर काढायचे असतील तर फार छान जागा. पण पात्र रुंद आणि वळणं लांबलचक, त्यामुळे तासभर पळूनही समोरचं फारसं काही बदलत नाही. तुमच्या पाच सकाळींसाठी मी दोर्दोन्यच सांगेन.

दोर्दोन्य 483 किलोमीटर लांब आहे, पण तुम्हाला हवा तो तुकडा तीसेक किलोमीटरचा: कार्साकपासून सँ-सिप्रियँपर्यंत. इथे नदी चुनखडीच्या पठारातून वाट काढत जाते. एका अंगाला पिवळट कडा थेट पाण्यात उतरलेला, दुसऱ्या अंगाला गाळाची सपाट जमीन, तिच्यात अक्रोडाच्या बागा आणि मका. पुढच्या वळणावर कडा आणि सपाटी बाजू बदलतात. नदीच्या अशा मोठ्या वेढ्याला तिथे 'सँग्ल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कमरपट्टा.

हे इतकं सांगतेय कारण पळणाऱ्याची सगळी आखणी यावर ठरते. या नदीच्या काठाने सलग पळता येत नाही. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. नकाशावर काठालगत एक बारीक रेघ दिसली, तिच्या भरवशावर मी वित्राकहून निघाले. चार किलोमीटर स्वर्गासारखे गेले. मग वाट एका अक्रोडाच्या बागेच्या कुंपणाशी संपली, खासगी जमिनीची पाटी लावलेली. डावीकडे पाणी, उजवीकडे कडा. आले तशी परत फिरले. तेव्हापासून मी ही नदी तुकड्या-तुकड्यांनी पळते: एक सकाळ काठावर, एक कड्यावर, एक पलीकडच्या तीरावर. मुक्काम एकच ठेवायचा आणि रोज वेगळ्या दिशेला निघायचं. रोज गाव बदललंत तर सकाळची सगळी ताकद सामान आवरण्यात जाईल.

मुक्कामाला सेनाक किंवा वित्राक घ्या. सार्ला हे जुनं दगडी शहर देखणं आहे, बोर्दोहून थेट रेल्वेही तिथवर येते, पण ते नदीवर नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर शहर संध्याकाळी पाहता येईल.

पहिल्या दिवशी, प्रवासाने पाय जड असताना, जुन्या रेल्वेमार्गावर जा. सार्लाहून कार्साक, ग्रोलेजाक आणि काझुलेसकडे रूळ होते, ते काढून तिथे डांबरी वाट केली आहे. मोटारींना बंदी, दुतर्फा झाडी, आणि चढ इतका हलका की घड्याळात पाहिल्यावरच कळतो. कार्साकला गाडी लावून ग्रोलेजाकला जाऊन या.

दुसरा दिवस दॉमचा. सेनाक खाली नदीवर, दॉम वर कड्यावर, पाण्यापासून साधारण दीडशे मीटर उंच. तुम्ही सिंहगड चढता असं लिहिलंय, म्हणजे हा चढ तुम्हाला त्याच्या चौथाईइतका वाटेल. मोटाररस्त्याने जाऊ नका, पायवाटेने जा. वर 1281 साली वसवलेलं तटबंदीचं गाव आहे. तटाच्या एका दरवाजात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना कोंडलं होतं, भिंतींवर त्यांनी कोरलेल्या खुणा आहेत. गावातून सरळ उत्तरेच्या टोकाला जा, तिथे कठडा आहे. सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा पावणेसातला कठड्याशी पोचा. खाली नदी, तिच्यावर धुक्याचा पट्टा, पलीकडे पठार. आदल्या दिवशी ज्या सपाटीवर पळालात तिची घडण इथून एका नजरेत कळते: नदी कुठे वळली, कुठे खडक कापला, कुठे गाळ टाकला. म्हणूनच सपाटीची धाव आधी आणि दॉम नंतर. उतरताना जपा, ओला चुनखडी दगड साबणासारखा निसरडा असतो आणि सावलीतल्या पायऱ्या दहा वाजेपर्यंत वाळत नाहीत. त्या दिवशी जाड खाचांचे ट्रेल शूज घाला, बाकी दिवशी रोजचे चालतील.

तिसऱ्या दिवशी विश्रांती घ्या, किंवा ला रोक-गाजाकला नुसतं चालत फिरा. कडा, त्याला चिकटलेली एक ओळ घरं, एक रस्ता आणि नदी, एवढंच ते गाव. दक्षिणेकडे तोंड असल्याने कडा इतका तापतो की तिथे ताडाची झाडं वाढतात. 17 जानेवारी 1957 ला याच कड्याचा मोठा भाग कोसळून तीन माणसं गेली होती. गावातून जाणारा तो एकमेव रस्ता अरुंद आणि वर्दळीचा आहे, तिथे पळू नका.

चौथी सकाळ माझी सर्वात आवडती. कास्तेलनोच्या पुलाजवळ गाडी ठेवा आणि डाव्या तीराने मिलांदकडे निघा. जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर, लहान रस्ता, सकाळी आठच्या आत क्वचितच एखादी गाडी. कास्तेलनोचा किल्ला तुमच्या डोक्यावर आणि पलीकडच्या तीरावर बेनाकचा. मध्ययुगात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ कास्तेलनो इंग्रजांकडे आणि बेनाक फ्रेंचांकडे होता. मधली नदी हीच सरहद्द. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट तिथे दोन्ही बुरूज एकाच वेळी दिसताना अंगावर येते. बेनाकला वळसा घालणाऱ्या नव्या रस्त्याचं काम 2018 च्या अखेरीस न्यायालयाने थांबवलं. मी गेले तेव्हा त्याच्या पुलाचे अर्धवट खांब नदीत उभे होते. ते दृश्य पाहून जीव तुटला होता.

मिलांदचा वाडा 1947 साली जोसेफिन बेकर यांनी विकत घेतला. अमेरिकेत जन्मलेली ही कृष्णवर्णीय नर्तकी-गायिका दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी काम करत होती. जगभरातून दत्तक घेतलेली बारा मुलं तिने इथे वाढवली. पुढे कर्ज झालं, आणि 1969 मध्ये तिला घराबाहेर काढण्यात आलं. 2021 मध्ये फ्रान्सने पाँतेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोर व्यक्तींच्या पॅरिसमधल्या स्मारकात, तिला स्थान दिलं. फाटकाशी पोचल्यावर मी दर वेळी दोन मिनिटं थांबते. वाडा नंतर उघडतो, तो दोघांनी मिळून आत जाऊन पाहा.

पाचव्या दिवशी अंगात दम असेल तर खाली लिमयपर्यंत गाडीने जा. तिथे वेझेर नदी दोर्दोन्यला मिळते आणि संगमावर दोन पूल काटकोनात उभे आहेत. पुढचा त्रेमोलाचा वेढा मोठा आहे. दमला असाल तर वेझेरच्या खोऱ्यात लेझेझीला जा. क्रो-मॅन्यों या प्रागैतिहासिक मानवाचे अवशेष 1868 साली तिथेच सापडले.

आता सुरक्षिततेचं. एकटी बाई म्हणून मी इथे पहाटे पळते, माणसांची भीती मला कधी वाटली नाही. भीती मोटारींची बाळगा. गावाबाहेर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. भडक रंगाचं जॅकेट घाला. शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे मेमध्ये ती काळजी जवळजवळ नाही. गवतातून पळून आलात की पिंढऱ्या आणि गुडघ्यामागची बाजू गोचिडांसाठी तपासा, हे विसरू नका. लांबच्या पायवाटेवर पांढरा-लाल पट्टा असतो, गावाच्या छोट्या वाटांवर पिवळा. फुली दिसली की वाट चुकली समजा. अडचणीत 112 फिरवा. आणि वाटेत जो भेटेल त्याला आधी 'बाँजूर' म्हणा. गावाकडे ते न म्हणणं उद्धटपणा समजतात. म्हटलंत की अनोळखी माणूसही थांबून वाट दाखवतो.

पाणी संपलं तर गावातलं कब्रस्तान शोधा. ऐकायला विचित्र वाटेल, पण फुलांना घालायला तिथे बहुधा नळ असतो आणि इथले सगळे सायकलस्वार व धावपटू त्यावर बाटल्या भरतात. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी पिऊ नका. खाण्याची चिंता नको. हा मुलूख बदकाच्या मांसासाठी प्रसिद्ध असला तरी शाकाहारी माणसाला अक्रोड घातलेला पाव आणि रोकामादूरचं बकरीचं चीज पुरतं. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असते, तो दिवस आल्याबरोबर विचारून ठेवा.

राहिला प्रश्न पत्नींचा. सेनाकहून कनू भाड्याने मिळते. प्रवाह संथ आहे, बेनाकपर्यंत दोन-अडीच तास लागतात आणि होडी देणारे लोक गाडीने परत आणून सोडतात. पोहता येत असल्याची खात्री मात्र आधी करा. होड्या नऊच्या सुमारास सुटू लागतात, म्हणजे तुमचं पळणं आणि न्याहारी उरकलेली असेल. दोघांची होडी घ्या आणि पत्नींना पुढे बसवा. ला रोक-गाजाकच्या कड्याखालून, मग कास्तेलनोच्या पुलाखालून जाल, तेव्हा तुम्ही आठवडाभर ज्या जागांबद्दल रोज सकाळी येऊन सांगत होतात त्या सगळ्या त्यांना पाण्यातून दिसतील.