वाचकांचे प्रश्न : अकरा पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर

प्रश्न : एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल-साठ्यातल्या फाइली वाचून डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्याच डेटाबेसमध्ये भरणारा जावा प्रोग्रॅम आहे. जोडणीच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला) ११ पॅरामीटर झाले. बिल्डर (एकेक किंमत वेगळ्या मेथडने घेऊन शेवटी ऑब्जेक्ट बनवणारा क्लास) लावावा का?

उत्तर : जरूर लावा. दोन टाइमआउट शेजारीशेजारी असले, दोन्ही पूर्णांक असले, की अदलाबदल झालेली कंपायलरला कळत नाही. बिल्डरमध्ये प्रत्येक किंमत नावानिशी येते. बकेट (एस-थ्रीमधला फाइलींचा कप्पा), टेबल आणि रीजन (सर्व्हर कुठल्या भागातले ते) सक्तीचे ठेवा, बाकीच्यांना डीफॉल्ट द्या.

खरी कमाई मात्र बिल्ड मेथडमधल्या तपासणीची. डायनॅमोडीबीचं बॅचराइटआयटम (अनेक नोंदी एकत्र लिहिण्याचं फंक्शन) एका वेळी २५ च नोंदी लिहितं. २६ पाठवल्या तर अख्खी विनंती फेटाळली जाते. म्हणून बॅचचा आकार १ ते २५ मध्ये नसेल तर तिथेच एक्सेप्शन फेका, रात्रीच्या जॉबची वाट पाहू नका. लिस्ट घेत असाल तर लिस्ट.कॉपीऑफने न बदलणारी प्रत करून साठवा. नाहीतर तोच बिल्डर पुन्हा वापरला की आधी बनवलेला ऑब्जेक्टही बदलतो, आणि हा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) जावा एसडीके २ या लायब्ररीचे क्लायंट थ्रेड-सेफ आहेत, म्हणजे एकच क्लायंट अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येतो. ते एकदाच बिल्ड करून बिल्डरमध्ये द्या. लूपमध्ये बिल्ड केलेत तर दर वेळी नवा कनेक्शन पूल (जोडण्यांचा साठा) उघडतो आणि शेवटी सॉकेट संपतात. सिक्रेट की बिल्डरमध्ये घेऊच नका, क्रेडेन्शियल प्रोव्हायडर (लागेल तेव्हा की पुरवणारा ऑब्जेक्ट) द्या. नाहीतर टूस्ट्रिंगमधून (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या मेथडमधून) की लॉगमध्ये गळते.

बॅच यशस्वी झाली तरी उत्तरातले अनप्रोसेस्ड आयटम (लिहायच्या राहिलेल्या नोंदी) बघा. ते वाढत्या अंतराने पुन्हा पाठवणं तुमच्याच कोडचं काम आहे.