फिलिपिन्समधले बुद्धिबळ पंच कसे असतात? निकाल नीट देतात का?

मुलगी वयोगटाच्या स्पर्धेसाठी मनिलाला चालली आहे म्हणून तुम्ही विचारलंय. नोकरीमुळे मी तीन वर्षं तिथे होतो आणि सुट्टीच्या दिवशी मॉलमधल्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, स्पर्धा खेळायचो. तेवढ्यावरून सांगतो: नियमांत मला भेटलेले पंच पक्के होते. डोकेदुखी होती ती वेगळीच.

माझाच किस्सा ऐका. समोर दहा-अकरा वर्षांचं पोरगं. माझं प्यादं आठव्या पट्टीत पोचलं, म्हणजे बढती मिळून त्याचा वजीर करायचा, आणि वजीर काही सापडेना. आपल्याकडे कट्ट्यावर करतात तसं मी मेलेला हत्ती उलटा ठेवला, ‘क्वीन’ म्हणालो, घड्याळ दाबलं. त्यानं चाल केली. मी माझा ‘वजीर’ तिरका नेला आणि पोरानं घड्याळ थांबवून हात वर केला.

पंच बाई पन्नाशीच्या असतील. आधी माझं ऐकून घेतलं, मग त्याचं. पटाकडे बघत म्हणाल्या, ‘सर, हा हत्ती आहे.’ उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच, त्यामुळे तिरकी चाल नियमबाह्य. त्याला जादा वेळ मिळाला, मला त्याच हत्तीनं सरळ चाल करावी लागली, डाव गेला. माझा खरा वजीर पोराच्या मुठीत होता! मुलं मारलेले मोहरे हातात खेळवत बसतात, तसाच. बाईंनी तो टेबलावर ठेवायला लावला, पण निकाल बदलला नाही.

तणतणतच घरी गेलो आणि फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, नियम काढले. बाईंचं बरोबर होतं. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये निकोलाय नोरित्सिननं असाच उलटा हत्ती ठेवला होता. तिथल्या पंचांनीही तो हत्तीच धरला, आणि तिथेही वजीर प्रतिस्पर्ध्याच्या हातात होता.

आता डोकेदुखी. शंभरावर पट आणि पंच पाच-सहा. वेळ संपत आलेली असताना हात वर करून ताटकळायचं. एकदा जोड्या लागायलाच दीड तास गेला. पण याचा दोष मी पंचांना देत नाही. माणसं किती लावायची हे आयोजक ठरवतो. तुमची स्पर्धा अधिकृत असेल तर हे प्रमाण बरंच बरं असेल.

कुणी फिलिपिन्सच्याच कॅम्पोमानेस यांचं नाव घेऊन घाबरवलं तर लक्ष देऊ नका. १९८५ मध्ये जगज्जेतेपदाचा कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना अर्धवट थांबवला तो त्यांनी, फिडेचे अध्यक्ष म्हणून. त्या सामन्याचे मुख्य पंच ग्लिगोरिच होते, युगोस्लाव्हियाचे. १९७८ चा बागियोचा दह्याच्या वाटीवरून गाजलेला जगज्जेतेपदाचा सामना फिलिपिन्समध्ये झाला खरा, पण तिथेही मुख्य पंच जर्मन, लोथार श्मिड. दोन्हीकडे फिलिपिनो पंचांच्या नावावर काही टाकता येत नाही.

मुख्य पंचांचं नाव जाहीर झालं की फिडेच्या साइटवर त्यांची पदवी बघून घ्या. स्वतः मात्र दोरीबाहेरच थांबा. मुलाला खुणा करणाऱ्या एका बापाला हॉलबाहेर काढताना मी पाहिलंय, तेही अगदी हसतमुखानं. आणि मुलीला बजावून ठेवा: बढतीच्या वेळी वजीर सापडला नाही तर घड्याळ थांबवायचं आणि पंचांकडे मागायचा. नियमात तशी मुभा आहे. मला ती तेव्हा माहीत नव्हती.