कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर पडतोय? आधी रॅम तपासा

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या घरी एलएलव्हीएम (कंपायलर बनवण्याचा मोठा प्रकल्प) सोर्समधून बिल्ड करताय, म्हणजे मूळ कोडमधून तयार करताय, 16 जीबी रॅम, 16 थ्रेड, आणि जीसीसी हा कंपायलर (कोडचं प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) कधी या फाइलवर तर कधी त्या फाइलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची एरर) देऊन पडतो. दोनदा जीसीसी नव्याने टाकून झाला. तिसऱ्यांदा टाकू नका. कंपायलरमध्ये खरोखर बग असेल, तर तोच कोड दिल्यावर तो बहुतेक त्याच जागी अडतो. तुमच्याकडे पुन्हा मेक (बिल्ड चालवणारी कमांड) दिलं की तीच फाइल बिनतक्रार पुढे जाते. एररखाली ‘द बग इज नॉट रिप्रोड्यूसिबल’ अशी ओळ आहे का बघा. जीसीसी तीच फाइल पुन्हा चालवून बघतो आणि निकाल बदलला तर हार्डवेअर किंवा ओएसवर संशय घ्यायला सांगतो. ते खरं माना.

‘किल्ड’ असं येत असेल तर ते दुखणं वेगळं. रॅम संपली आणि कर्नलने, म्हणजे ओएसच्या गाभ्याने, प्रोसेस मारली, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) दिसेलच. तिथे -जे16 ऐवजी -जे4 (एका वेळी 16 ऐवजी 4 कामं), डिबगऐवजी रिलीज बिल्ड आणि एका वेळी एकच लिंक जॉब (तयार तुकडे जोडण्याचं काम), एवढ्याने भागतं.

माझं मशीन सदाशिव पेठेत, पत्र्याखालच्या खोलीत होतं. एप्रिलच्या दुपारी बिल्ड पडायचा, रात्री पूर्ण व्हायचा. मी अर्थातच उन्हाला दोष दिला. फॅनमधली धूळ काढली, तपकीर गल्लीतून थर्मल पेस्ट आणून लावली. क्रॅश कमी झाले, पण थांबले नाहीत. मग एके दिवशी क्रॅशऐवजी साधी एरर आली: ‘बफडर’ नावाचं काही डिक्लेअर केलेलं नाही. सोर्स उघडला, तर तिथे स्वच्छ ‘बफर’. इंग्रजी स्पेलिंगमधल्या दुसऱ्या एफच्या जागी डी आला होता. एफचा आस्की कोड (अक्षराचा संगणकातला क्रमांक) 102, डीचा 100. बायनरीत लिहून बघा, एकाच बिटचा फरक! त्या रात्री मेमटेस्ट86+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपलो. पहिली फेरी स्वच्छ गेली, दुसरीत लाल ओळी, म्हणजे चुका. रॅमच्या दोनपैकी एक स्टिक काढली आणि त्याच पत्र्याखाली, भर दुपारी, बिल्ड शेवटपर्यंत गेला.

म्हणून एका फेरीवर समाधान मानू नका, रात्रभर चालू द्या. त्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवण्याची सोय, बंद करून एक बिल्ड करून बघा. कधी कधी स्टिक चांगली असते, फक्त तो वेग तिला झेपत नाही. मेमटेस्ट स्वच्छ आला तरी एकेक स्टिक काढून बिल्ड करा, कारण बिल्डमध्ये प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यावर एकदमच ताण येतो आणि तसा ताण मेमटेस्ट देत नाही. प्रोसेसर इंटेलच्या 13व्या किंवा 14व्या पिढीतला डेस्कटॉप असेल तर बायोस आधी अपडेट करा. व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याच्या त्या दोषावर इंटेलने 2024 मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्ती कोड) दिला आहे. मात्र आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही, ती वॉरंटीतच बदलून घ्यावी लागते.

आणि हे कृपा करून विसरू नका: खराब रॅमवर तयार झालेलं काहीच ठेवू नका. बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारा) वापरत असाल तर तोही रिकामा करा, टारबॉलचा (सोर्सच्या डाउनलोड केलेल्या गठ्ठ्याचा) चेकसम, म्हणजे फाइल बिघडली नाही हे सांगणारा आकडा, जुळवून सोर्स नव्याने उघडा. मी सीकॅश तसाच ठेवला होता, आणि नव्या रॅमवरही दोन दिवस एक टेस्ट फेल होत राहिली.

मेमटेस्टचा निकाल इथेच टाका, कुठली स्टिक ते मिळून शोधू.