टाकीत हात कमी घाला

या महिन्यात पाणवनस्पतींच्या टाकीबद्दल बरीच पत्रं आली. मासे मेले, झाडं सडली, पाणी गढूळलं, अशाच तक्रारी बहुतेकांच्या. पण तक्रार करणाऱ्यांत आळशी कोणीच नाही! सगळे भलतेच कामसू. त्यातली काही निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, मुलाच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले. मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करते, खडे धुऊन उन्हात वाळवते, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळते. तरी मंगळवारपर्यंत पाणी पांढुरकं होतं आणि एखाददुसरा मासा तरंगतो. आता झाडं लावायचा विचार आहे. आमच्या पाण्यातच दोष असेल का? (एक गृहिणी, चिंचवड)

दोष पाण्यात नाही, रविवारात आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातही भर पडते. अमोनिया माशाला विषच. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. नायट्राइटही घातक असतं, नायट्रेट मात्र माफक प्रमाणात मासे सोसतात आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती वस्ती दर रविवारी उन्हात वाळवता. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. हा जंतू कामाचा, तो बिनकामाचा, असं त्याला कळत नाही. मंगळवारचं पांढुरकं पाणी म्हणजे मोकळ्या झालेल्या टाकीत भलत्याच जिवाणूंनी घातलेला गोंधळ. त्याला हात लावला नाही तर तो आपोआप निवळतो.

आज टाकीत जे मासे आहेत त्यांच्यासाठी एवढं करा. टाकी रिकामी करणं आजपासून बंद. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, तेही आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं, किंवा दुकानातले अँटी क्लोरीनचे थेंब घातलेलं. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकी चिमूट. बाल्कनीतल्या मनी प्लांटची एक लांब फांदी कापून तिची पेरं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी काठावर अडकवा. मुळं फुटली की ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढतात, फुकटात. सोबत हायड्रिला किंवा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींची जुडी नुसती तरंगत सोडा.

ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज आणून तुमच्या टाकीत पिळा. पाणी थोडा वेळ तपकिरी होईल, घाबरू नका. हे विरजण आहे. दुकानात बाटलीतलं विरजणही मिळतं, पण मला शेजाऱ्याचं जास्त भरवशाचं वाटतं.

झाडांची टाकी नव्याने मांडायची तर क्रम उलटा करा. आधी माती, मग झाडं, मग वाट पाहणं आणि सगळ्यात शेवटी मासे. तळाला चाळलेली साधी बागेतली माती इंचभर. शेणखत किंवा गांडूळखत घातलेली नको, ती अमोनिया सोडत बसते. चिकण काळी माती नको, एक रोप उपटलं की सगळं पाणी गढूळ. मातीवर धुतलेली जाडसर वाळू इंच-दीड इंच. समुद्राची वाळू बिलकुल नको. आणलेल्या खड्यांवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर त्यात चुना आहे, पाणी जड होत जाईल, खडे परत करा. मग वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओता, म्हणजे माती वर उसळणार नाही. झाडं पहिल्याच दिवशी दाट लावा. दोन रोपं इकडे, दोन तिकडे, असं केलं तर मोकळी जागा शेवाळ बळकावतं.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या. दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा नको, आणि मग पहिल्यांदा पाच-सहाच छोटे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर होते. माती, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता चाळीस-पंचेचाळीस धरा. घडी बसली की आठवड्याला त्यातलं दहा लिटर बदललं तरी पुष्कळ. स्पंज महिन्यातून एकदा, त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा. नंतरही तो तपकिरीच दिसला पाहिजे. निरोगी स्पंजाला ओल्या मातीचा वास येतो, कुजका वास आला तर काहीतरी अडलंय असं समजा. आणि ते काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला.

एप्रिलमध्ये हौसेने क्रिप्टोकोरीनची सहा रोपं आणि जावा फर्न लावली. दहा दिवसांत क्रिप्टची पानं विरघळून बुळबुळीत झाली, फर्न काळी पडत चाललीय. उकाडा हे कारण असेल का? (एक बँक कर्मचारी, नागपूर)

उकाडा थोडा, बाकी दोन कारणं.

क्रिप्ट जागा बदलली की रुसतं. दुकानातली बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं हवेसाठी घडलेली, पाण्यात बुडवली की गळतात. विरघळलेली पानं कात्रीने कापून काढा, पण रोप उपटू नका. मूळ जिवंत असतं. काही आठवड्यांत मधूनच एक अरुंद, थोडं वेगळ्या रंगाचं पान वर येतं, ते पाण्यातलं पान. लोक नेमके त्याच्या आधी रोप फेकून देतात. मूळ जिवंत आहे का, हे पाहायला रोज उपटून बघणारेही मला माहीत आहेत.

फर्नचं बहुधा आडवं खोड तुम्ही वाळूत पुरलंय. ते पुरलं की कुजतं. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने सैल बांधायची, वाळूत रोवायची नाहीत.

आता नागपूरचा मे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतात ते म्हणूनच. झाकण काढा (उड्या मारणारे मासे असतील तर वर जाळी टाका) आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी रोज घटेल, तेवढं भरत जा. रात्री एअर पंप चालू ठेवा, कारण अंधारात झाडंही प्राणवायू वापरतात, देत नाहीत. बर्फाच्या पिशव्या सोडू नका. एकदम गार, पुन्हा एकदम गरम, हे माशाला उकाड्याहून वाईट.

मी आठवीत आहे. आमच्या घरामागे ओढा आहे. त्यातल्या वनस्पती आणि मासे आणून टाकी केली तर चालेल का? बाबा म्हणतात, दुकानातूनच आण. (एक विद्यार्थी, रत्नागिरी जिल्हा)

तुझी कल्पना मला बाबांच्या कल्पनेपेक्षा आवडली, पण अर्धीच.

गावच्या तळ्यात हायड्रिला माजलेली असते, तिच्या चार-सहा काड्या आणल्यास कोणाचं काही बिघडत नाही. आणल्यावर एका बादलीत तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेव, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून घे. गोगलगायी आणि बऱ्याचशा अळ्या निघून जातात. मग एक काडी कापून, कापलेलं टोक वर करून, काचेच्या ग्लासात उन्हात ठेव. टोकातून बुडबुड्यांची माळ निघेल. ग्लासावर हाताने सावली धर, माळ मंदावेल. हाच प्रयोग पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात येईल. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना ते बुडबुडे मोजायला लावायची. अर्धी मुलं आकडे एकमेकांच्या वहीतून उतरवायची.

ओढ्यातल्या बाकीच्या झाडांना मात्र हात लावू नकोस. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती कोकणातल्या ओढ्यांत मूळच्याच आहेत आणि त्यांतल्या काहींचा पसारा फार छोटा आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांतल्या वनस्पतींचंही तेच. साताऱ्याकडे कासच्या पठारावर वायतुरा फुलतो. दुकानात ॲपोनोजेटॉनचे कंद विकायला असतात, त्यांचा तो भाऊबंद, आणि दुर्मिळ. असल्या गोष्टी वहीत काढायच्या, पिशवीत घालायच्या नाहीत. मासेही ओढ्यातच राहू देत. वाहत्या पाण्याची सवय असलेले मासे छोट्या टाकीत धडका घेतात. दुकानातून झेब्रा डॅनिओ आण. तो मूळचा आपल्याच उपखंडातला, काटक आणि स्वस्त. बाबांचंही ऐकल्यासारखं होईल.

वास्तूप्रमाणे ईशान्येला आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा आहे. टाकी दीड फुटी, जागा खिडकीतच येते. झाडं कोणती लावू? (एक सेवानिवृत्त गृहस्थ, डोंबिवली)

गोल्डफिश ठेवणार असाल तर झाडं कोणतीही लावू नका, ते खणून काढतील आणि उरलेली खातील. गोल्डफिश वीतभर वाढतो, दीड फुटी टाकीत एकही नीट राहत नाही, नऊ तर सोडाच. त्याऐवजी केशरी प्लॅटी मासे आठ आणि काळी मॉली एक ठेवा, सगळे नर. हिशेब जमला, पिल्लावळही नाही.

ईशान्येच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट आलं तर महिन्याभरात टाकी हिरवी. पडदा लावा, नाहीतर टाकी भिंतीच्या आडोशाला सरकवा. दिव्याला टायमर लावून सहा-सात तास प्रकाश द्या, मग पूर्ण अंधार. तरीही थोडं शेवाळ येणारच. माझ्या टाकीची समोरची काच मी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडते. बाकी तिन्ही काचा हिरव्या आहेत, मासे त्यांवर चरत असतात. पाहुण्यांना ते आवडत नाही. पाहुणे दोन तास थांबतात.

आमची बदली झाली आहे. टाकीतले मासे, त्यात एक मोठा सकर, आणि झाडं नदीत सोडून दिली तर पुण्यच ना? (एक कुटुंब, सोलापूर)

नाही हो. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर चिलखत असल्यामुळे त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. उजनीच्या मच्छीमारांना तो जाळ्यात सापडतो, तेव्हा जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसतं. तो तिथे पोचला असेल तर तुमच्या-माझ्यासारख्यांच्या टाक्यांतूनच. झाडांचंही तसंच. आपली हायड्रिला १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथले तलाव-कालवे तुंबून गेले. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते तुम्ही रोज बघताच.

मासे दुकानदाराला परत द्या. पैसे मिळाले नाहीत तरी बहुतेक जण ठेवून घेतात. शाळेत टाकी असेल तर विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका. टाकी कोणी तशीच्या तशी घेणार असेल तर पाणी अर्ध्यापर्यंत काढा, माती हलवू नका, मासे वेगळ्या झाकणाच्या बादलीत न्या. स्पंज ओला ठेवा, तो सुकला की नव्या घरी पुन्हा महिनाभर थांबावं लागेल. नको असलेली झाडं गटारात किंवा नदीत नकोत. गच्चीवर पसरून कडकडीत वाळवा आणि कुंडीत पुरा.