वकिलाचं पत्र वाचायला बसण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

धुळ्याला राजवाडे मंडळात बसून पेशव्यांच्या वकिलांचे कागद वाचायचे आणि १७९४-९५ साली निजामाच्या दरबारातून युद्धाची बातमी पुण्याला कशी पोचत होती ते शोधायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मोडी तुला येते, म्हणून अक्षराबद्दल लिहीत नाही. खरी फसगत अक्षर लागल्यावरच होते.

तंटा चौथाईच्या थकबाकीचा. गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील म्हणून निजामअलीच्या दरबारात, समोर दिवाण मुशीरुल्मुल्क, आणि ११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई. उद्या ज्याच्याशी लढायचं त्याच्याच छावणीत राहून त्याची बातमी लिहायची, असं हे काम. वकील म्हणजे लपून बसलेला हेर नव्हे. तो कोणाचा माणूस आहे हे सगळ्या दरबाराला ठाऊक असे, म्हणून त्याच्या कानावर काय घालायचं हेही लोक ठरवून घालत. तेव्हा पत्रातलं प्रत्येक वाक्य कुणी सांगितलं, आणि त्या माणसाला ते का सांगावंसं वाटलं, हे कळेपर्यंत ते वाक्य उचलू नकोस. जळगावच्या बाजारात कुणी कापसाचा भाव सांगितला, तर त्याचा कापूस विकला गेलाय की घरातच पडलाय हे आपण आधी बघतो. इथेही तेच बघायचं.

पण सुरुवात तारखेपासून कर. या पत्रांत महिना आणि तारीख मुसलमानी असते (‘छ’ म्हणजे चंद्र), आणि वर्ष सुहूर सनाचं. ते अरबी शब्दांत, एकं आधी अशा क्रमानं लिहितात: खमस ५, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११९५. प्रत्येक शब्दाखाली आकडा मांडून बेरीज कर, तोंडी करू नकोस. सीत म्हणजे ६ आणि सितैन म्हणजे ६०. घाईत एक शेपूट सुटलं की सगळं साल बिघडतं. सुहूर सन मृगाला, म्हणजे त्या काळी जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतो. इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हाच ११९५ हिजरी समजलास तर थेट १७८१ मध्ये जाशील, कारण खर्ड्याच्या वेळी हिजरी सन १२०९ चालू होता.

याहून बारीक खड्डा पुढे आहे. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे एकाच सुहूर सनात काही तारखा दोनदा येतात. ११९५ मध्ये जिल्काद या मुसलमानी महिन्याच्या साधारण ७ ते १५ या तारखा एकदा जून १७९४ मध्ये पडतात आणि पुन्हा मे-जून १७९५ मध्ये. पहिल्या वेळी लढाई अजून दूर आहे, दुसऱ्या वेळी तह होऊन गेलाय. अशा पत्राचा काळ मजकुरावरूनच ठरव: मुशीरुल्मुल्क दिवाणगिरी करतोय की मराठ्यांच्या ताब्यात आहे? तहात त्याला पुणेकरांच्या हवाली करावं लागलं होतं. शिवाय चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक नेहमी गृहीत धर.

पत्र लिहिल्याच्या तारखेबरोबर पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, उतरून घे. दहा-पंधरा पत्रांचे दोन्ही दिवस शेजारी मांडलेस की जासूद जोडीला, म्हणजे पत्र पोचवणाऱ्या दोघा निरोप्यांना, साधारण किती दिवस लागत ते आपोआप दिसेल. मग एखादंच पत्र फार उशिरा आलेलं दिसलं तर थांब. नदीला पूर असेल, चौकीवर अडवलं असेल, किंवा तारीख मागची घातली असेल. पुण्यात जो निर्णय झाला तो पैवस्तीनंतरचा हे विसरू नकोस. नाना फडणविसांना एखादी गोष्ट ‘माहीत होती’ असं लिहिताना ती कोणत्या दिवशी माहीत झाली हे तुला सांगता आलं पाहिजे.

आता मजकूर. ‘नबाब बोलले’, ‘वर्तमान ऐकिले’, ‘बातमी आढळली’ आणि वकिलानं स्वतः पाहिलेलं, हे चार रंगांच्या पेन्सिलींनी वेगळं कर, अर्थात नकलेवर, मूळ कागदावर नव्हे. दरबारातल्या बढाईला सगळ्यात कमी वजन दे. पुण्याच्या कारभाऱ्यांची तिथे उघड टिंगल होई, पण टिंगलीनं फौज चालत नाही. पेशखाना, म्हणजे पुढच्या मुक्कामाचे डेरे, बाहेर पडला का? तोफांना बैल जुंपले का? बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन कुठल्या वाटेला लागले? शिपायांचा पगार किती महिने तुंबलाय? अशी वाक्यं पत्रात कोपऱ्यात, चालता चालता येतात, आणि तीच लाखमोलाची. जनाना बरोबर निघालाय ही ओळही घरगुती समजून सोडू नकोस. त्यानं कूच मंदावतं आणि आणीबाणीला पाय मागे ओढला जातो. खर्ड्याला निजामानं गढी जवळ केली त्यात जनान्याच्या भीतीचाही भाग होता.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा प्रश्न होता इंग्रज काय करणार. त्याचं उत्तर गोड बोलण्यात शोधू नये. निजामाकडे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी होत्या, आणि गव्हर्नर जनरल शोर यांनी त्या मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत. पलटणी कुठे आहेत, एवढीच ओळ पत्रात हुडक.

पडताळा घ्यायला तू पुणे रेसिडेन्सीचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलातीचा, छापील पत्रव्यवहार उघडशील, आणि उघडायलाच हवा. पण तिथला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, मॅलेट पुण्यात बसून लिहितो. त्याला हैदराबादची बातमी कधी हैदराबादच्या रेसिडेंटकडून मिळे, कधी पेशव्यांच्या कारभाऱ्यांकडून, आणि कारभाऱ्यांना ती काळ्यांकडूनच आलेली असे. दोघांचं जुळलं म्हणून ते खरं ठरत नाही. एकच बातमी दोन दारांनी आलेली असू शकते. आकडा आणि चूक दोन्हीकडे सारखी दिसली, तर झरा एकच.

काही गोष्टी कागदावर सापडणारच नाहीत. पत्र वाटेत फोडलं जाण्याची भीती असे, म्हणून साधं मुख्य पत्र, नाजूक मजकुराला वेगळी पुरवणी, आणि त्याहून नाजूक ते जासुदाच्या तोंडी. ‘मुखजबानी सांगतील’ असं दिसलं की नोंदवहीत तेवढी जागा कोरी सोड. तिथे अंदाज भरलास की पुढच्या वाचणाऱ्याला तो पुरावा वाटेल.

पारोळा, एरंडोल, अमळनेरच्या जुन्या घरांत कुणी रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, दाखवले तर सावकारी कागद बाजूला सारू नकोस. बऱ्हाणपूरच्या वाटेनं हुंड्या चालत आणि त्यांच्यासोबत बातमीही. पानिपतचा घात नानासाहेबांना भेलशाजवळ कळला तो एका सावकारी पत्रातून, मोती आणि मोहरांच्या भाषेत. हुंडीचा दर अचानक चढला असेल तर त्याच महिन्याची वकिलाची पत्रं शेजारी ठेवून बघ.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात कागद पापडासारखा कडक होतो. सकाळच्या वेळात वाच, पंखा थेट अंगावर नको, घडी उलगडताना तळहात कोरडे ठेव.

पहिल्या दहा पत्रांचा तक्ता करून पाठव: लिहिल्याची तारीख, पैवस्ती, सांगणारा, पाहिलेलं की ऐकलेलं, आणि कोरी जागा. अभिप्राय अजून लिहू नकोस. तक्ता बघून पुढचं कळवतो.